कवेलूंचा राहिलेला कोपरा

“खाली उतर गा कवडू,” पार्वतीबाई अंगणातूनच म्हणाल्या.

बिड्यांचा ठेका चालवणाऱ्या सट्टेदाराकडे वळलेल्या बिड्या देऊन त्या परत आल्या, तर घराला शिडी लागलेली आणि कवडू वर छपरावर. जुनी कवेलू, म्हणजे कौलं, उचलायची, झटकायची, फुटकी बाजूला टाकून बाकीची पुन्हा मांडायची, असं करत त्यानं अर्धं छप्पर फेरून टाकलं होतं. तो खडखडाट गल्लीच्या तोंडापासूनच त्यांच्या कानावर आला होता.

“काहून मावशी?”

“मी म्हणतो म्हणून. तुले कोणं बलावलं?”

“तुमच्या प्रेमिलानं. म्हणे, माय एकटी राहीन, पाण्याच्या आंधी पुरं छप्पर फेरून दे.”

“माय एकटी राहीन म्हणे?”

“असंच म्हणे.”

“मंग उतर. अन् शिडी बी घेऊन जा.”

कवडूनं दोनदा डोकं खाजवलं आणि उतरला. कामठीच्या त्या मोहल्ल्यात पार्वतीबाईंशी हुज्जत घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे. या बाईचा कोणावरच विश्वास नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्यासमोर त्या दुधात बोट बुडवून पाहत. सट्टेदार बिड्या तपासायला बसला की त्या त्याच्या हातांवरून नजर काढत नसत. देवळातला देव तर त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडला होता, आणि माणसांचं म्हणाल तर ती पुढच्याच वर्षी सोडली.

सत्तावन सालची गोष्ट. भिलाईला कारखाना उभा राहत होता आणि कामठीतून माणसं कामाला चालली होती. पार्वतीबाईंचा नवरा दादाजी निघाला. जायच्या आधी महिनाभर त्यानं घरासाठी काय करायचं बाकी ठेवलं? छप्पर फेरलं, दाराला नवी कडी बसवली, खाटेची सुतळी बदलली, बायकोला लुगडी आणली. शेजारणी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. पार्वतीबाई तेव्हा भोळ्या होत्या, त्याही हरखल्या. “येतो” म्हणून दादाजी गेला तो गेलाच. पुढं कोणीतरी सांगत आलं की तिकडं त्यानं दुसरं घर मांडलंय.

कडेवरच्या प्रेमिलाला घेऊन पार्वतीबाई त्या पावसाळ्यात घरात बसल्या होत्या आणि छपरातून एक थेंब गळत नव्हता. तेव्हा त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. ज्याला परत यायचं असतं तो माणूस कामं अर्धी टाकून जातो. जो सगळं नीट लावून जातो, त्याची वाट पाहू नये.

आणि आता चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पोरगी छप्पर फेरून घेत होती. त्याच्या आधी खाटेला नवी सुतळी आली होती. गोपिकेला, म्हणजे शेजारणीला, रोजचं पाणी भरून द्यायला सांगून झालं होतं. आईला चष्मा झाला होता. एकेक वस्तू घरात आली की पार्वतीबाईंच्या मनात पाल चुकचुके.

संध्याकाळी प्रेमिला ड्यूटीवरून आली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती नर्सबाईंच्या हाताखाली काम करत होती. अर्ध्या छपराकडे पाहत तिनं विचारलं, “काम काहून थांबवलं माय?”

“त्याले ऊन लागून राहिलं होतं.”

“एकच वर्ष त जातो मी. पण मधात पावसाळा त येईनच ना.”

“हो. एकच वर्ष,” पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. लेकीनं छपराकडे पाहिलं.

पोरगी खोटं बोलत होती. पार्वतीबाईंना ते होळीपासून माहीत होतं.

जपान हा शब्द या घरात शिरला तो आदल्या दसऱ्याला. दीक्षाभूमीवर जपानहून काही पाहुणे आले होते. गर्दीत त्यांच्यातल्या एका बाईंना भोवळ आली, तेव्हा मदतीच्या मंडपात प्रेमिला होती. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, त्या सावध होईपर्यंत हात सोडला नाही. त्या बाई तिकडच्या एका विहाराच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर निघाल्या. परत गेल्यावर त्यांनी निरोप पाठवला की ही मुलगी आमच्याकडे नर्सचं शिकायला पाठवा. सगळं आम्ही पाहू, फक्त तिनं बोलण्यापुरती भाषा शिकून यावं.

“सगळं ते पाहतीन? काहून?” पार्वतीबाईंनी विचारलं होतं.

“चांगले लोक हायेत माय.”

“चांगले लोक आपल्या पोरी शिकवतेत. दुसऱ्याच्या पोरी न्याले कायले येतीन?”

भाषा शिकवणारा माणूस शोधता शोधता एकच सापडला, आणि तोही नेमका संशय यावा असाच. कृष्णकांतजी मूळचे महाल भागातले, भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात असलेल्या घराण्यातले. लढाईच्या काळात ते फौजेत कारकून होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेले आणि लढाई संपेपर्यंत तिथंच राहिले. भाषा तिथं शिकले. आता पेन्शनीत निघून, एका बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये बायकोसोबत राहत होते. रविवारी सकाळी प्रेमिलाला शिकवायला ते तयार झाले आणि फीचं नाव काढलं तर रागावले.

“ज्याईनं याले कैदेत टाकलं, त्याईचीच बोली हा शिकवते. अन् वरून काही घेत नाई,” पार्वतीबाई म्हणाल्या. “दाल मे काला हाये. मी संगं येतो.”

“तू तिथं काय करशीन?”

“बिड्या वळीन.”

तेव्हापासून दर रविवारी मायलेकी कामठीहून बसनं निघत. लेकीच्या हातात वही आणि आईच्या काखेत फडक्यात बांधलेलं बिड्यांचं सूप. कृष्णकांतजींच्या दारात पार्वतीबाई उंबऱ्याला टेकून बसत. यमुताई, म्हणजे कृष्णकांतजींच्या पत्नी, म्हणाल्या, “अहो आत या ना, दारात काय बसता?”

“इथंच बरं हाये. जर्द्याचा वास येते.”

खरं कारण वेगळं होतं. उंबऱ्यावरून आतली दोन्ही तोंडं दिसत आणि बाहेरचं फाटकही दिसे. आणि त्याच्याही खालचं कारण त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. या घराला आपण किती आत चालतो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि ते विचारून पाहायची त्यांची तयारी नव्हती. पहिल्या दिवशी चहा आला तो कान तुटलेल्या कपात. आला आपला वेगळा कप, असं म्हणत त्यांनी तो अर्धाच पिऊन खाली ठेवला. पुढच्या रविवारी पाहतात तर कान तुटलेला कप कृष्णकांतजींच्या हातात आणि चांगला कप आपल्यासमोर. त्या दिवसापासून त्या चहा पुरता पिऊ लागल्या, पण कुठला कप कोणाकडे जातो यावरची नजर काही काढली नाही.

एकदा त्यांनी सरळच विचारलं, “गुरुजी, राग नाई येत तुमाले त्या लोकाईचा?”

कृष्णकांतजींनी हातातला कप खाली ठेवला. “येतो ना बाई. काही जणांचा अजून येतो. पण तिथं एक आचारी होता, खेड्यातला. मी त्याच्या हाताखाली मुळे चिरायचो. एकेक मुळा टोपलीत टाकताना तो मोजायला शिकवायचा. इचि, नि, सान. एक, दोन, तीन. तो आचारी आठवला की राग कुणावर काढावा समजत नाही.”

पार्वतीबाईंना हे उत्तर पटलं नाही. पण मोजणं कानात राहिलं.

बिड्या वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. आत धडा चाले. गुडघ्यांवर कसं बसायचं, कमरेतून किती वाकायचं, घरात शिरताना चपला कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायच्या. बांबूच्या दोन काड्यांनी फुटाणे उचलायची परीक्षा असे. फुटाणा उडून उंबऱ्यापर्यंत आला की पार्वतीबाई तो उचलून तोंडात टाकत. घरातून बाहेर पडणाऱ्यानं काय म्हणायचं, तेही कृष्णकांतजींनी शिकवलं. “आपल्यासारखंच आहे ते. जातो म्हणायचं नाही. जाऊन येतो म्हणायचं.” हे ऐकून पार्वतीबाईंना हसू आलं होतं, बरं वाटणारं नव्हे. म्हणजे तिकडचीही माणसं असंच सांगून जातात तर.

पाळत ठेवायची म्हणजे शत्रूची बोली थोडी यायलाच हवी, या हिशेबानं त्या ऐकत राहिल्या. बिड्यांच्या जुड्या बांधताना मनातल्या मनात इचि, नि, सान करत मोजू लागल्या. सट्टेदाराला वाटे, बाई आता पुटपुटायला लागली. थंडीच्या दिवसांत आतून पुन्हापुन्हा ‘हाहा, हाहा’ ऐकू आलं तेव्हा मात्र त्या सूप आपटून उठल्या होत्या. “कोणाले हासून राहिले?” कृष्णकांतजींनी शांतपणे समजावलं की स्वतःच्या आईचा उल्लेख करताना हाहा म्हणतात, आणि दुसऱ्याच्या आईला ओकासान. पार्वतीबाई परत बसल्या. पण त्या दिवसापासून हाहा म्हटलं की त्यांचा हात आपोआप हळू होई, कारण बोलणं आपल्याविषयी चाललंय हे आता कळत होतं.

आणि मग होळीआधीचा रविवार आला.

धडा संपत आला होता. कृष्णकांतजींनी आवाज जरा खाली आणला आणि त्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यात ओकासान होतं. प्रेमिलानं दाराकडे पाहिलं. आई मान खाली घालून पान कातरत होती. मग तीही त्याच भाषेत, अडखळत, बोलू लागली. इचि-नेन म्हणाली आणि मान हलवली. सान-नेन म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, “हाहा वा शिरिमासेन.”

नेन म्हणजे वर्ष, हे पार्वतीबाईंना संक्रांतीपासून येत होतं. शिरिमासेन तर पोरगी धडा न केल्यावर दर रविवारी म्हणे. ठाऊक नाही.

एक वर्ष नाही. तीन वर्षं. आईला ठाऊक नाही.

कृष्णकांतजी मराठीत एवढंच म्हणाले, “सांगून टाक बाळा. हे बरं नाही.” प्रेमिलानं वही मिटली. पार्वतीबाईंच्या हातातलं पान उभं फाटलं. ते त्यांनी बाजूला टाकलं, दुसरं घेतलं आणि बिडी वळली. परतीच्या बसमध्ये प्रेमिला म्हणाली, “आज गप्प हायेस माय.” त्या म्हणाल्या, “डोकं दुखून राहिलं.”

त्यांनी विचारलं का नाही, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. विचारलं असतं तर पोरगी तोंडावर खोटं बोलली असती, आणि ते ऐकायची ताकद त्यांच्यात नव्हती. नाहीतर खरं बोलली असती, आणि मग हो की नाही ते आपल्याला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्या वाट पाहत राहिल्या. आज सांगेल, उद्या सांगेल. पोरगी काही सांगेना. ती चष्मा आणी, सुतळी आणी. आणि आता तर छप्पर. कानांनी तीन वर्षं ऐकली होती. कवेलू सांगत होती की तीनही नाही, कधीच नाही.

रेल्वेचा संप सुरू झाला होता. गाड्या बंद पडल्या म्हणून सगळे हैराण होते. तो मिटूच नये, असं एकट्या पार्वतीबाईंना वाटत होतं.

अर्धं छप्पर तसंच असताना, त्याच आठवड्यात एका दुपारी पोलीस आला.

पासपोर्टाची चौकशी होती. ठाण्याचा शिपाई रुपराव सायकल कडुनिंबाला टेकवून अंगणातल्या खाटेवर बसला, तोवर गल्लीतली दारं किलकिली झाली होती. रुपराव उतारवयाचा, पोट सुटलेला, पण डोळा बारीक. प्रेमिलाची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं पाणी आणून दिलं आणि दाराशी उभी राहिली.

“बाप कोठी हाये हिचा?”

“भिलाईले गेला.”

“कवा येईन?”

“येतो म्हणूनच गेला होता,” पार्वतीबाई म्हणाल्या. “सतरा वर्ष होऊन राहिले.”

रुपरावनं पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. “बाई, मी पोलिसात केस पिकवले. मले हे साफ वाटून नाई राहिलं. बाप नाई, भाऊ नाई. जवान पोरगी. नेनारे परदेशी, खर्च बी त्याईचाच. अशा पोरी जातेत, मंग पत्ता नाई लागत. मलेबी दोन लेकी हायेत म्हणून बोलतो.”

पार्वतीबाईंनी पहिल्यांदा त्या माणसाकडे नीट पाहिलं. आपण सहा महिने मनात जे घोकत होतो, ते हा खाकी कपड्यातला माणूस जसंच्या तसं बोलत होता. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याची भीतीही वाटली.

“मी विचारतो त्याचं साफ उत्तर द्या,” रुपराव म्हणाला. “माह्याजवळच्या कागदात किती मुदत लिहून हाये ते मले मालूम हाये. घरच्याईले काय सांगतलं ते मले पाहाचं हाये. किती दिवसाकरता नेऊन राहिले हिले?”

प्रेमिला पुढं झाली. “साहेब, मी सांगतो…”

“तू उगी राय. मले तुह्या तोंडून नाई, तुह्या मायच्या तोंडून आयकाचं हाये.” मग तो पार्वतीबाईंकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, “मायले एक सांगतलं अन् कागदावर दुसरंच असलं, का समजाचं गडबड हाये. मंग मी इथंच थांबवतो. तुमच्यावर काही येत नाई.”

तुमच्यावर काही येत नाही. पार्वतीबाईंना एवढंच ऐकू आलं. ‘एक वर्ष’ म्हणायचं. फक्त तेवढंच. तेही खोटं नव्हतंच, पोरीनं आपल्याला तेच तर सांगितलं होतं. चौकशी अडेल, जाणं राहील, पोरगी चार महिने रडेल आणि पुन्हा दवाखान्यात जाऊ लागेल. तिचंच खोटं तिला नडलं, आपण मधे कुठंच नाही. संध्याकाळी घरी येईल. रोज येईल.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. प्रेमिला दारात उभी होती, शिकवल्यासारखी, दोन्ही हात पुढं जोडून, ताठ. ती शिपायाकडे पाहत नव्हती, छपराकडेही पाहत नव्हती. ती आईकडे पाहत होती, आणि डोळ्यांनी काहीसुद्धा मागत नव्हती. आपण खोटं बोललो ते आता आपल्याला भोवणार, हे तिनं कबूल करून टाकलं होतं.

दादाजीनं जाताना एकदाही असं तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

अशी अडवलेली पोर घरात राहिली असती, पण ती आपली राहिली नसती. पार्वतीबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

“तीन वर्ष,” त्या म्हणाल्या.

दारात प्रेमिलाचे जोडलेले हात सुटले.

“पहिलं वर्ष बोली शिकाची, मंग दोन वर्ष दवाखान्याचं काम,” पार्वतीबाई पुढं म्हणाल्या. पुढचं त्यांनी नुसतं अंदाजानं जोडलं होतं, पण ते बरोबर निघालं. “मले सारं मालूम हाये. मीच धाडून राहिलो तिले.”

रुपराव थोडा हिरमुसला. असं स्वच्छ उत्तर येईल, हे त्याला वाटलं नव्हतं. “ठीक हाये. पण परत येईन, याचा काय भरोसा?”

जिनं सतरा वर्षांत कोणाची हमी घेतली नाही, दुधाचीसुद्धा नाही, तिला हे विचारलं होतं. येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आत्ताही नव्हता. पण विश्वास नाही हे पोलिसाला सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

“येईन.”

“कायच्यावरून?”

पार्वतीबाईंनी वर बोट केलं. “छप्पर पाहा. अर्धंच फेरलं तिनं. अर्धं काम टाकून जाते तो मानूस परत येते, साहेब.”

रुपरावनं मान वर करून छपराकडे पाहिलं. अर्धी कवेलू ओळीत, अर्धी वेडीवाकडी. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “माह्या घरचं त पुरंच पडून हाये,” आणि अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली.

सायकल गल्लीबाहेर गेली तशी दारं लागली. प्रेमिला आईसमोर जमिनीवर बसली, गुडघ्यांवर, त्या कृष्णकांतजींच्या पद्धतीनं.

“तुले कोणं सांगतलं? गुरुजीनं?”

“तूच त सांगतलं.”

“मी कवा?”

पार्वतीबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. वळलेल्या बिड्या एकेक उचलून त्या जुडीत लावू लागल्या. “इचि. नि. सान,” त्या म्हणाल्या. “सान-नेन. हाहा वा शिरिमासेन.” उच्चार कामठीचा होता, पण शब्द सगळे जागेवर होते.

प्रेमिलानं पदरात तोंड घातलं. कितीतरी वेळ तिचे खांदे हलत राहिले. “तीन म्हटलं असतं त तू जाऊ नसतं देल्लं माय.”

“नसतंच देल्लं.”

“मंग आता काहून?”

“रडणं बंद कर,” त्या म्हणाल्या. “जर्दा ओला होते.”

“मी येईन माय. शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ नको मले. तुह्या बापानं बी घेतली होती. तू ते छप्पर तसंच राहू दे.”

“अन् पावसात कोठी झोपशीन?”

त्यावरून मायलेकीत दोन दिवस भांडण झालं. शेवटी तडजोड अशी ठरली की कवडूनं बाकीचं छप्पर फेरावं, पण चुलीवरचा कोपरा सोडावा. तो कोपरा प्रेमिलाचा. कवडूला हे काही समजलं नाही, पण त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं आणि त्या कोपऱ्यापुरती चांगली कवेलू भिंतीला लावून ठेवली.

मृग कोरडा गेला. संप मिटला होता. आषाढ लागता लागता नागपूरच्या स्टेशनावर कलकत्त्याच्या गाडीत प्रेमिला बसली. तिथून पुढं विमान. कृष्णकांतजी आणि यमुताई आले होते. यमुताईंनी दशम्या बांधून दिल्या. कृष्णकांतजी शेवटपर्यंत कुठं कसं वाकायचं ते सांगत होते. मग त्यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. पार्वतीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. या माणसाला यातून काय मिळतं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मनात विचारला नाही.

गाडीनं शिट्टी दिली. प्रेमिलानं खिडकीतून हात बाहेर काढून आईचा हात धरला. बिड्यांनी पिवळी पडलेली बोटं.

“येतो माय.”

जाणाऱ्याला घरच्यांनी ‘जाऊन ये’ कसं म्हणायचं, ते जपानी वाक्य पार्वतीबाईंनी उंबऱ्यावर बसून पाठ केलं होतं. घरी दोनचार दिवस म्हणूनही पाहिलं होतं. पण ते काही तोंडातून निघेना.

“ये,” त्या म्हणाल्या. गाडी हलली.

श्रावणात पाऊस लागून राहिला. चुलीवरचा कोपरा टपटप गळू लागला. पार्वतीबाईंनी चूल सरकवून भिंतीकडे नेली आणि थेंबाखाली पितळेचा गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवला. गंज भरे, त्या ओतून येत, पुन्हा ठेवत. गोपिका पाणी भरायला आली की म्हणे, “एवढ्याशा कोपऱ्याकरता काहून हाल करून राहिली वं? कवेलू त भितीलेच लावून हायेत.” त्या गंज उचलून अंगणाकडे वळत.

जपानहून सगळं ठीक असल्याचा निरोप कृष्णकांतजींकडे आला होता. तो त्यांनी रविवारी येऊन वाचून दाखवला. पार्वतीबाईंनी तो दोनदा वाचायला लावला. ठीक आहे असं तर कोणीही लिहील, असं म्हणून त्यांनी कृष्णकांतजींना चहा दिला.

एकदा दुपारी पाऊस उघडला होता. पार्वतीबाई सट्टेदाराकडून परत आल्या तर घराला शिडी लागलेली. कवडू कोपऱ्याशी उकिडवा बसला होता, हातात भिंतीजवळचं एक कवेलू.

“गोपिका म्हणे, तुमी रातभर जागता,” तो वरूनच म्हणाला. “पाच मिनटाचं काम हाये मावशी. काही घेत नाई मी. करून टाकतो.”

“खाली उतर गा कवडू.”

“अवं पण गळते ना.”

“गळू दे. ते काम दुसऱ्याचं हाये.”

कवडू उतरला. कवेलू त्यानं होतं तिथं, बाकीच्यांच्या शेजारी, भिंतीला लावून ठेवलं. शिडी खांद्यावर घेऊन तो गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत पार्वतीबाई दारात उभ्या राहिल्या. मग आत आल्या, गंजातलं पाणी अंगणात ओतलं आणि गंज पुन्हा त्याच जागी ठेवला.